हाताच्या जागी काळोख

काचेत स्टीलची वाटी उमटली होती, हात घालून उचलावी अशी. तिच्या शेजारी मात्र हाताच्या आकाराचा नुसता काळोख होता.

माझी मुलगी न्हाणीघरात अंधार करून, लेसरच्या लाल उजेडात, प्रकाश टिपणारा लेप लावलेल्या काचांवर होलोग्राम करते. समोरची वस्तू केसभर हलली तरी उमटत नाही, म्हणून काल आम्ही पंखासुद्धा बंद केला होता. वाटीशेजारी माझ्या सासूबाईंचा हात होता.

“आजी, हललीस तू!”

“नाही गं, दाबून धरला होता.”

खरंच होतं. आम्हाला कुणालाच तो हलताना दिसला नव्हता. जिवंत हात थोडा हलतोच, असं मुलगी मग म्हणाली, आणि मला ते पटलंही. तरी आज सकाळी चहा देताना माझी नजर त्यांच्या बोटांवर गेली.

त्यांनी हात हळूच पदराखाली घेतला.