धाग्याने बांधलेलं बॉनेट

काहीही विकत घेण्याआधी मी यादी करते. मिक्सर घेताना वहीत नऊ प्रश्न होते, जुनी कार घेताना एकवीस झाले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही सावली या गावी राहत होतो, आणि कार हवी होती ती मुख्यतः एका कामासाठी: मामाजींना दसऱ्याला आलापल्लीला न्यायचं होतं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांची वनखात्यातली बरीचशी नोकरी आलापल्लीच्या लाकूड डेपोवर झाली. तिथले एक सुतार, सगळी वसाहत त्यांना चाचा म्हणायची, हे मामाजींचे जिवाभावाचे दोस्त. निवृत्तीनंतरही मामाजी दर दसऱ्याला एसटीने जाऊन चाचांच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवून यायचे. मग गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना, दोन दसरे चुकले. त्या साली चाचांचा निरोप आला: नजर चाललीय, औंदा येऊन जा, पुढच्या साली चेहरा दिसेल न दिसेल. मामाजींनी निरोप आणणाऱ्यालाच उत्तर दिलं, "सांग त्याले, कारनं येतो." घरात कार नव्हती, ही बाब त्यांना किरकोळ वाटली.

मी पर्याय लिहून काढले. एसटी: पायरी उंच. काळी-पिवळी जीप: गर्दी, म्हणून फुली. भाड्याची गाडी: दसऱ्याला मिळत नाही. उरली जुनी कार.

चंद्रपूरच्या एका दुकानात आम्ही पांढरी कार पसंत करून आलो. तपासणी आणि ताबा मात्र दसऱ्याच्याच सकाळी घ्यायचा, तिथून तडक आलापल्ली गाठायची, असं सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते म्हणजे मामाजींच्या मते.

आम्ही पोचलो तर दुकानातल्या सगळ्या गाड्या नटून उभ्या. आमच्या गाडीला झेंडूचा हात-हातभर हार आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. शिवाय बॉनेट आणि खालची जाळी एकत्र करून लाल धाग्याचे सात वेढे, त्यात लिंबू-मिरची.

मी वही काढली.

"गाडी आधी कोणाकडे होती?"

"डॉक्टरची आहे ताई," दुकानदार म्हणाला. "घर ते दवाखाना, बस्स. दाताचे डॉक्टर. त्यांना घाई म्हणून नसतेच."

चौदाव्या प्रश्नापर्यंत त्याने अशीच गोड उत्तरं दिली. पंधरावा होता: बॉनेट उघडून इंजिन पाहणे.

त्याने कानाला हात लावले. "आज नाही ताई. पूजेचा धागा आजच्या दिवस तोडत नाहीत. उद्या घरी निवांत उघडा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने हाराकडे पाहिलं. मामाजी तर मागच्या सीटवर बसूनही झाले होते. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सूनबाई, बरोबर बोलून राह्यला तो. दसऱ्याले पूजेतल्या अवजाराले हात लावत नाई. चाल आता, उशीर होते."

मी पंधराव्यासमोर 'उद्या' लिहिलं. पूजेतल्या अवजाराला हात लावायचा नसेल तर मग ते चालवायचं तरी कसं, हा प्रश्न मला वाटेतलं मूल गाव ओलांडल्यावर सुचला.

सुचला तेव्हाच बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. आमचं सावली गाव अजून लांब होतं. दोन्हीकडे धानाची बांधी आणि मध्ये आमची पांढरी किटली. धागा मी स्वतः तोडला. आतून जे पाणी उसळत होतं ते पिवळंजर्द होतं.

मागून येणारा एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्याने बोट बुडवलं, वास घेतला आणि मान हलवली. "भाऊ, इंजिनाले हळद लावली तुमी. लगन कवा हाये?"

मग त्याने नीट समजावलं. रेडिएटर गळत असला की त्यात हळद टाकतात. फट थोडा वेळ बुजते, गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडेपर्यंत पुरते. सीटखाली पाना शोधायला गेले तर हाताला तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, ओंजळभर चुरा लागला. दाताचे डॉक्टर बहुधा पावडरीऐवजी तेच वापरत असावेत.

मामाजी मैलाच्या दगडावर आपट्याच्या पानांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "मामाजी, ट्रॅक्टर गाडी ओढून नेईल. घरी जाऊ या का?"

"मी त्याले येतो म्हटलं हाये," ते एवढंच बोलले.

तेवढ्यात काळी-पिवळी आली, खच्चून भरलेली. मी हात केला. ड्रायव्हरने मामाजींचे गुडघे पाहिले आणि पुढच्या दोघांना मागे पिटाळलं. "आजोबा, इथी बसा. पाय लांब करा." मी यादीत फुली मारलेल्या वाहनात मामाजी राजासारखे बसले. नवरा कारपाशी राहिला, मी मागे कोंबले गेले.

गडचिरोलीला जीप बदलली, तिथेही पुढची जागा मिळाली. मी वहीत दुकानदारासाठी मुद्दे लिहायला घेतले. (पुढे चार चकरा मारून ते त्याला वाचून दाखवले. तो हात जोडून म्हणाला, "हळद शुभच असते ताई.") आलापल्ली जवळ आली तशी रस्त्याला सागाची झाडं भिडली. मामाजी पुढून ओरडले, "लिहून काय राह्यली? सागवन पाह्य!"

ऊन उतरताना चाचांच्या दारात पोचलो. कार उभी राहावी म्हणून त्यांनी अंगणातली लाकडं हलवून जागा झाडून ठेवली होती. मामाजींनी ती स्वच्छ जागा पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"कार कुठी हाये तुही?" चाचांनी दारातूनच विचारलं.

"रस्त्यावर उभी हाये. पांढरी हाये, मोठी."

चाचा भिंतीला धरून जवळ आले. त्यांनी मामाजींचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपल्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आणून बराच वेळ न्याहाळला.

"मेरी नजर गई है, कान नाई," ते म्हणाले. "जीपनं आला ना?"

"हो."

"मंग आधीच काऊन नाई आला? दोन साल!"

 मामाजींनी पिशवीत हात घातला आणि तीन दसऱ्यांचं सोनं एकदमच चाचांच्या ओंजळीत ओतलं.