धाब्याची माती

पावसाने उघडीप दिली की ओली माती दोन वेगवेगळ्या प्रकारे दरवळते, हे मला रत्नागिरीत आल्यावर कळलं. इथल्या लाल मातीचा वास जड असतो. त्यात जांभ्याचं लोखंड असतं, कुजलेली पानं असतात, शेवाळ असतं आणि भाट्याच्या खाडीवरून येणारी खारट हवा असते. दुसरा वास माझ्या जन्मगावच्या माळाचा, माणदेशातल्या त्या विस्तीर्ण, अवर्षणाने शांत झालेल्या प्रदेशाचा. तो हलका असतो, भाजल्या पिठाच्या जवळ जाणारा, आणि आला आला म्हणेपर्यंत विरून जाणारा. गेल्या श्रावणात, कोवळं ऊन माडांच्या झावळ्यांवरून ओघळत असताना, माझ्याच घराच्या गच्चीवर मला तो दुसरा वास आला आणि मी दारातच थबकलो.

ती माती आणली होती आबांनी. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर गावातलं घर एकट्याने सांभाळत राहिले, पण गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरायला लागले तेव्हा चैत्रात मी त्यांना इकडे घेऊन आलो. एसटीतून उतरले ते एका हातात कपड्यांची पिशवी आणि पायाशी मातीने भरलेलं पोतं घेऊन. माझी बायको मीरा इथल्याच पावस गावची, आंबा-नारळाच्या बागेत वाढलेली; तिने सासऱ्यांच्या पाया पडता पडता विचारलं, की आबा, कोकणात माती मिळत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? आबा हसले. पोतं जिन्याखाली ठेवलं गेलं आणि आम्ही ते विसरलो.

मी मात्र ती माती ओळखत होतो. फिकट, भुरकट, चिमटीत धरली तर मैद्यासारखी निसटणारी ही पांढरी माती आमच्या माळावर ओढ्याच्या उताराला कोसभर पसरलेली आहे. तिचा स्वभाव विक्षिप्त. पावसाचे चार थेंब पडले की तिच्या अंगावर पापुद्रा धरतो, उन्हात तो कडक होतो, आणि मग खालचं बी वर येत नाही की वरचं पाणी खाली जात नाही. म्हणून तिथे कुणी पेरत नसे. पण गवताशी तिचं कसं कोण जाणे, जमत असे. गवताच्या मुळांनी केलेल्या वाटांनी पाणी आत शिरलं, की ती ते अशी धरून ठेवी की दिवाळी उलटून गेली तरी बोटभर खाली ओल लागायची. कार्तिकाच्या तिरप्या उन्हात ते पिवळं गवत वाऱ्याबरोबर लवत असे आणि त्यातून मेंढरं धुळीचा पातळ ढग उठवीत जात. ओल्या मातीत उमटलेला खूर वाळला की पुढच्या पावसापर्यंत तसाच राही. आबा नुसत्या मागांवरून कुणाचा कळप कुठे गेला ते सांगत. लहानपणी मला ती जादू वाटायची.

पेरणीला नालायक ठरलेली ही माती छपराला मात्र सोन्यासारखी. आमच्याकडे घरं धाब्याची: लाकडी तुळयांवर काटक्या, त्यावर पाला, आणि त्यावर या मातीचा हातभर थर. जो पापुद्रा बियाण्याच्या मुळावर येतो, तोच घरावर आला की पाणी अडवतो. दर दोन-तीन वर्षांनी नवी माती टाकायची, जरा भुरभुर सुरू झाली की वर चढायचं आणि उलट्या पावलांनी मागे सरकत ती तुडवायची. घर गळायला लागलं की पुरुषाने माती घेऊन वर जायचं, एवढंच आबांना ठाऊक होतं. जिथे पाऊस मोजून मापून येतो, तिथे ते पुरेसंही होतं.

आमची स्लॅबची गच्ची आषाढात गळायला लागली. रत्नागिरीत यात नवल नाही. इथे घर बांधल्यावर काही वर्षांत वर पत्र्याची शेड येतेच, आणि आम्ही ती आज करू, उद्या करू म्हणत लांबवली होती. आमच्या पलंगावरच छताला डाग उमटला, मग थेंब पडू लागले. मिस्त्री म्हणाला की पाऊस सरल्याशिवाय काही होणार नाही. आबा हे सगळं ऐकत होते. इथे त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. जेवणाचं ताट समोर येई, पाणी समोर येई, आणि ते पाहुण्यासारखे संकोचून ते घेत. नागपंचमी झाली की गावाला जातो, असं त्यांनी मीराला सांगून ठेवलं होतं. बंद घरात, अधू डोळ्यांनी, एकटे. मला ते नको होतं, आणि 'जाऊ नका' याच्यापुढे मला काही सुचतही नव्हतं.

एका दुपारी मी कामावर असताना, मीरा बाजारात गेलेली असताना, आबांनी ते पोतं एकेक घमेलं करून गच्चीवर नेलं, पसरलं आणि तुडवलं. मग कोकणातला पाऊस आला. इथला पाऊस पापुद्रा धरायला उसंत देत नाही. माती वितळली, निम्मी वाहून गेली, आणि उरलेल्या निम्म्यातल्या बऱ्याच मातीने पाण्याचा पाइप गच्च बुजवला. शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून हाक मारली, "मीरा, तुमच्या गच्चीवरना ताक सांडताय काय गो?" मी घरी आलो तेव्हा गच्चीचं तळं झालं होतं आणि पलंगावर धार लागली होती. मी पाइप मोकळा केला. मीराने भिजलेली गादी भिंतीशी उभी केली, ते बघून आबांचा चेहरा उतरला. ते खोलीत गेले आणि पिशवी भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. सकाळी गच्चीवर गेलो, आणि तो वास आला. पाऊस थांबल्यावर आबा पुन्हा वर येऊन गेले असावेत, कारण उरलीसुरली माती गोळा करून त्यांनी ती नव्याने पसरली होती. ती आता उन्हात वाळून फिकट झाली होती आणि तिच्यावर त्यांच्या पावलांच्या ओळी उमटल्या होत्या. डावा पाय किंचित ओढलेला, प्रत्येक ओळ मागे मागे सरकत गेलेली. मी त्या ओळींमागून चालत गेलो. माती संपूर्ण गच्चीवर नव्हतीच. एक चौकोन होता, बरोबर आमच्या पलंगावरचा. खाली दोन खोल्यांमधली भिंत जिथे येते, त्या रेषेशी पावलं थांबत होती. रेषेपलीकडे, आबांच्या खोलीवर, काळवंडलेला उघडा स्लॅब होता आणि त्यात एक लांब भेग होती.

मी खाली आलो. आबांची खाट दाराशी ओढलेली होती. कोपऱ्यात बादली, आणि थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून तिच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं फडकं. म्हणजे इतके दिवस तेही गळतीखालीच झोपत होते. मी विचारलं, की तुमच्या खोलीवर का नाही टाकली?

"पयली माती पोरं निजत्यात तिथं टाकायची असती," आबा म्हणाले, मला एवढंही ठाऊक नाही याचं नवल वाटल्यासारखे. "मग उरली तर आपल्यावर."

माझे केस पिकले आहेत. माझा मुलगा नोकरीसाठी पुण्याला असतो. तरीही त्या क्षणी मला रडू आलं, आणि ते लपवायला मी घमेलं उचललं. पाइपाच्या तोंडाशी, कठड्याच्या कोपऱ्यात, काकूंच्या कुंपणाशी जी जी माती साचली होती ती सगळी खरवडून मी वर नेली आणि आबांच्या खोलीवर पसरली. ती एका सरीतही टिकणार नाही हे मला ठाऊक होतं. भुरभुर सुरू झाल्यावर मी अनवाणी तुडवायला लागलो. आबा जिन्याच्या दारात छत्री धरून उभे होते.

"टाच न्हाई," ते म्हणाले, "चवडा टेकीव. अन् मागं बघू नगस."

मी मागे न बघता मागे सरकत राहिलो. पायाखाली ती माती मऊ, थंड, ओळखीची लागत होती. कितीतरी वर्षांनी मी आबांचं काहीतरी ऐकत होतो.

रात्री पाऊस कोसळला. सकाळी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा ते खाटेवर बसून खिडकीबाहेरचे माड बघत होते. पिशवी रिकामी होऊन खुंटीला लागली होती आणि धोतरं पुन्हा दोरीवर आली होती. मी विचारलं, की आबा, गळलं का रात्री?

"न्हाई," ते म्हणाले, आणि चहाचा कप घेतला.

कोपऱ्यातली बादली काठोकाठ भरली होती, आणि तिच्या तळाशी त्या फडक्यावर पांढरट मातीचा पातळ थर बसला होता.