आधी अंगठा, मग मजकूर

"दावा आधी, अंगठा कुठंय?"

लेकीचं पोस्टकार्ड आलं की हे मावशीचं पहिलं वाक्य. कार्ड माझ्या हातातून घेऊन ती उजेडाकडं धरायची, कोपऱ्यातला शाईचा अंगठा निरखायची आणि समाधानानं कार्ड माझ्या पुढ्यात टाकायची. "हं. आता वाचा तुमचं भरताड."

नव्या जालन्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी तेव्हा तोलाचा मुनीम होतो. अंमल निजामाचा, मजुरी त्याच्याच हाली रुपयात. ती गोदाकाठची, घनसावंगीच्या खालच्या अंगाची. लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला तेव्हा गाव सोडून आलेल्या टोळीत ती होती. कापूस निवडायची. त्या टोळीत अक्षर ओळखणारे चार निघाले. त्यांतल्या दोघांना फक्त आकडे यायचे. मी विचारून घेतलं होतं.

तुम्हाला वाटेल, अडाणी बाई, वाचणाऱ्याचा तिला धाक असेल. छे. मी वाचत असताना ती जांभया द्यायची.

"साष्टांग नमस्कार, विनंती विशेष..."

"हे मागल्या कार्डात बी व्हतं. दर बारीला तेच लिव्हायचे पैशे घेतो का त्यो?"

अर्धवट वाचणं मला जमत नाही. मी ठिकाण, तिथी, टपालाचा शिक्कासुद्धा वाचायचो.

"मुनीमजी, शिक्का कशाला वाचता? शिक्क्याला काय दुखून राह्यलं?"

अशी सात कार्डं झाली. आठवं आलं तो कार्तिकातला सोमवार होता. हजर तिघं: ती, मी आणि कापूस उतरवून रिकामी गाडी जुंपत असलेला भोकरदनकडचा एक गाडीवान. तिची लेक त्याच बाजूच्या एका खेड्यात दिलेली.

तिनं कार्ड उजेडाला धरलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरलं. मग फिरवून माझ्या हातात दिलं.

"मावशी, कार्ड उलटं दिलंत."

"कार्डाचं जाऊ द्या. अंगठा उलटा हाये."

मी कार्ड सरळ करून वाचलं. लेक सुखरूप आहे, सासरची माणसं जीव लावतात, दिवाळीला यायला सवड झाली नाही, काळजी नसावी.

"बघा, बिलकुल ठीक आहे," मी म्हणालो. "घाईत अंगठा फिरला असेल."

"ठीक हाये असं कोण म्हणतंय? तिकडं लिव्हणारा तिच्या सासूचा भाऊ. हिकडं वाचणारे तुम्ही. ह्याच्यात माझी लेक कुठं बोलली?"

मग तिनं सांगितलं. लेकीला सासरी पाठवताना दोघींनी ठरवलं होतं: बरं असलं तर अंगठा सुलट, नसलं तर उलटा. लिहिणारा काय लिहील आणि वाचणारा काय वाचील, त्यावर दोघींचाही भरवसा नव्हता. आधीची सातही कार्डं मी शिक्क्यासकट वाचली होती. अंगठा मात्र मी कधी बघितलाच नव्हता.

ती गाडीवानाकडं वळली. "मला घेऊन चल बाबा, जल्दी."

"जाताना गाडी रिकामीच हाये मावशी, फुकट बस. येताना कापसावर बसशील तर माणशी रुपया."

"बराबर."

सहाव्या दिवशी सकाळी कापसाची गाडी फाटकातून आत आली. वर ती, आणि शेजारी पंधरा-सोळा वर्षांची पोर.

"सासूनं सोडलं कसं?" मी विचारलं.

"म्हणली, कार्डात तर समदं खुशाल लिव्हलंय. मी म्हणलं, मंग कार्ड ठिवा तुमच्याकडं, अन् लेक द्या मला."

होळीला हंगाम संपला. मायलेकी टोळीबरोबर पुढं गेल्या. कुठं, ते मला ठाऊक नाही. मला त्या अजून दिसतात त्या माझ्या काट्यापाशी, गाडी आली त्याच सकाळी.

गाडीवान दोन रुपये मागत होता. ठरल्याप्रमाणं त्याचं बरोबर होतं.

"दोन कसले रे?" मावशी म्हणाली. "हिला घाल काट्यावर. चाळीस शेरांचा पक्का मण भरली तर दोन घे."

आम्ही हसलो. पोर हसली नाही. तिला वाटलं, इथं असंच असतं. तिनं पदर आवरला आणि ती काट्याच्या फळीवर जाऊन उभी राहिली. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

मी वजनाला हात लावला नाही. गाडीवान पुढं झाला. "उतर, पोरी," तो म्हणाला.

त्या दिवशी मी वहीत लिहिलं: गाडीवानास दिले, हाली रुपया एक, एका माणसाचा.