यंत्राची राखण

टेंभुर्णीच्या आमच्या शेतात मी लहानपणी कोळपं धरायला शिकलो आणि त्या कोळप्यानंच पुढं माझा घात केला. असं म्हटलं की बायको अजून हसते. हसू दे. खरं आहे ते.

कोळपं म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून बैलांनी ओढायचं, तण कापणारं औत. ऐंशीच्या दशकात आमच्याकडं पोळ्याच्या आधी माणसं एकमेकांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, फिरायची आणि कुणाचं रान किती निर्मळ आहे ते बघायची. पीक किती येईल ते पुढचं पुढं. आधी तण दिसता कामा नये. शेजारी कोळप्याच्या तीन पाळ्या घालायचे, वडील चार. तेवढ्यावर त्यांची मान ताठ असायची. एका साली शेजाऱ्याला आमच्यापेक्षा कापूस जास्त झाला, तरी लोक म्हणाले, "त्याचं नशीब. रान तर ह्यांचंच बघावं." मलाही ते पटलं होतं. राबणारा माणूस मोठा, हे माझ्या डोक्यात तिथंच बसलं. मग राबूनच शिकलो, राबूनच जालन्याच्या शाळेत गणिताचा मास्तर झालो. शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

दोन हजार सालानंतर घरात कॉम्प्युटर आला आणि मागोमाग शेअर आले. मी एक साधा नियम काढला. भाव गेल्या वीस दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचं, खाली आला की विकायचं. जुन्या भावांवर लावून पाहिला तर बरा चालला. मग खटपट करून असा प्रोग्राम लिहिला की घेण्या-विकण्याचं बटणसुद्धा कॉम्प्युटरच दाबेल. स्टाफरूममध्ये थट्टा झाली, "आता गुरुजी झोपा काढणार आणि यंत्र कमावणार." मी खरंच तेच ठरवलं होतं. एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली. ती पुरली नाही म्हणून आणखी एक वर्ष वाढवून घेतली. तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं की तिसरं वर्ष मिळणार नाही. रजा संपल्यावरच्या सोमवारी अकराला मस्टरवर सही करायची, नाहीतर राजीनामा. माझ्या जागेसाठी माणूस तयारच होता.

आता झोपा काढण्याचं सांगतो. ते भारनियमनाचे दिवस होते. लाईट कधी जाईल ते वेळापत्रकात असायचं आणि वेळापत्रक सोडूनही जायची. इन्व्हर्टर घेतला, पण त्याचा भरवसा किती? यंत्रानं शेअर घेतले आणि विकायच्या आधी ते बंद पडलं तर? म्हणून मी दहापासून साडेतीनपर्यंत त्याच्यासमोर बसायचो. जेवणाचं ताट मांडीवर. हसनाबादला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, नेमकं बुधवारी. बाजार चालू, मी गेलो नाही. बायको एकटी जाऊन आली आणि दोन दिवस बोलली नाही. मी यंत्र ठेवलं नव्हतं, यंत्रानंच माझ्या रूपानं सालगडी ठेवला होता. सालगड्याला निदान साल भरलं की पाडव्याला सुटता येतं.

त्याच खोलीत बायकोचं शिलाई मशीन होतं. ती ब्लाऊज शिवायची आणि घर त्यावर चालायचं. तिच्या मशीनला पाय मारावा लागे, माझ्याला नाही, तरी संध्याकाळी जास्त थकलेला मीच असायचो.

कारण साडेतीननंतर माझी कोळपणी सुरू व्हायची. आज तोटा कशानं झाला? शुक्रवारी घेतलं म्हणून. मग शुक्रवारी घ्यायचं नाही, असा नियम घातला. सकाळच्या घाईत घेतलं म्हणून झाला? पहिला अर्धा तास वगळला. असं करत एका नियमाचे चाळीस-बेचाळीस झाले. नवा नियम घातला की मागच्या दोन वर्षांच्या भावांवर चालवून बघायचो. सगळे तोटे गायब! रान असं निर्मळ दिसायचं की कुणाला तरी धुऱ्यावर बोलवून दाखवावं. आणि पुढच्याच आठवड्यात नव्या जागी नवं तण उगवायचं.

रजा संपायला महिना असताना वडील डोळे दाखवायला जालन्याला आले. दिवसभर माझ्या मागं खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी म्हणाले, "आता काय करून राह्यला रे?"

"नियम घालतोय. आजच्यासारखा तोटा पुन्हा होऊ नये म्हणून."

"आन् कालच्याचा?"

"तोही घातलाय."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "कपाशीला पाती-फुलं लागल्यावर कोळपं घालतेत का?"

"न्हाई. मुळं तुटतात."

"मंग?"

मला राग आला. म्हटलं, "बाबा, ही शेती न्हाई."

"बराबर हाय," ते म्हणाले. "शेतातून माणूस दिवस मावळला की घरी तरी येतो."

त्यांचं म्हणणं मला त्याच क्षणी कळलं होतं, हे आज कबूल करतो. पण कळून काय उपयोग? थांबलो तर दोन वर्षं पाण्यात गेली, हे मान्य करावं लागणार. चालू ठेवलं तर निदान उद्या होता. जितका जास्त राबलो तितकं सुटणं अवघड होत गेलं. नोकरी जाईल याची भीती वाटत होती, आणि नोकरीवर जावं लागेल याचीही तेवढीच.

सोमवार उजाडला. रुजू होण्याचा अर्ज खिशात होता. यंत्रानं गुरुवारी घेतलेले शेअर अजून हातात होते आणि भाव खाली येत होता. साडेदहाला लाईट गेली. इन्व्हर्टर कुरकुरत सुरू झाला. मी परत खुर्चीत बसलो.

"निघा ना," बायको म्हणाली. "अकराला सही हाय."

"आज कसा जाऊ? हे असं सोडून?"

तिनं हातातला ब्लाऊज बाजूला ठेवला. "मी बसते इथं. काय करायचं असतं ते सांगा."

"काही नाही. फक्त बघत बसायचं. कशाला हात लावायचा नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. आवाज न चढवता विचारलं, "मंग दोन वर्षं तुम्ही काय करत होता?"

मी उठलो. सायकल काढली, धापा टाकत शाळेत पोहोचलो, अकराला दोन मिनिटं कमी असताना सही केली. दिवसभर सातवीला सरासरी शिकवली, पण जीव घरी होता.

साडेपाचला परतलो तर ती मशीनवरच होती. मान वर न करता म्हणाली, "बाराला लाईट आली. दीडच्या सुमाराला ते वाजलं. विकलं त्यानं. फायदा झालाय बहुतेक, बघा."

खरंच झाला होता. भाव दुपारी वर फिरला होता आणि ठरावीक फायदा दिसला की विकायचं, हा त्या चाळीसांतला एक नियम लागू झाला होता. मी घरी असतो तर अकरालाच घाबरून विकून टाकलं असतं, कितीदा तसंच केलं होतं. एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी गणिताचा मास्तर म्हणून सांगतो. पण त्या संध्याकाळी मला आनंद झाला नाही. मला संताप आला, आणि कशाचा ते समजायला बराच वेळ लागला. मी समोर नसताना ते यंत्र बुडावं, असं मला दिवसभर वाटत होतं.