भरल्या पावाचा वास

मला किळस फार लवकर येते. दुधावरची साय, ओल्या फडक्याचा वास, दुसऱ्याचं उष्टं ताट, काहीही पुरतं. माहेरी बारामतीत सगळे म्हणायचे, ही सासरी कशी नांदणार? आणि अशा मला छंद लागला तो पाव भाजण्याचा, म्हणजे पीठ आंबवून, फुगवून, चिकट हातांनी मळण्याचा. लग्नाआधी शेजारच्या एका बाईंकडे मी आठवडाभर शिकायला जात होते. मैद्याच्या आंबवलेल्या गोळ्यात बटाट्याची लसणीची भाजी भरायची, तोंड बंद करायचं आणि भाजायचं. यीस्टचा वास मला तेव्हाही सोसत नसे, नाकावर ओढणी बांधून मळायचे. भाजून निघालेला पाव मात्र मिटक्या मारत खायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी इंदापूर तालुक्यात कळसला आले, तेव्हा रुखवतात एक गोल विजेचा ओव्हनही आला. दोन वर्षं तो कपाटावर विणकामाचा रुमाल पांघरून बसला होता. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. कौतुक होतं सासऱ्यांना. त्यांना सगळे तात्या म्हणत. एक दिवस तेच म्हणाले, "पोरी, त्या डब्यात काय शिजतंय ते एकदा खाऊ तरी घाल की."

तात्या माळकरी होते. भिगवणला गेले तर तिथल्या हॉटेलात चहासुद्धा घेत नसत, कपाला मासळीचा वास येतो म्हणून. पण ही माळ गळ्यात पडली ती मी यायच्या चार वर्षं आधी. त्यापूर्वी ते पीत होते, आणि थोडंथोडकं नाही. आत्याबाई त्याविषयी एकदाच बोलल्या होत्या. "लोकं उचलून आनायची, न् मी अंगावरची कापडं धुवायची." घरातली जनावरं, नवऱ्याची नोकरी, आमचं लग्नसुद्धा त्या माळेनंतरचं. तात्यांची माळ टिकू दे, एवढंच त्या देवाकडे मागत. हे सगळं मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पुढचं लिहिताना माझी मलाच शिसारी येते.

माहेरून आणलेलं यीस्ट जुनं झालं होतं. कोमट साखरपाण्यात टाकलं तर ढिम्म हललं नाही. इंदापुरात दोन-तीन दुकानं पालथी घातली, तर दुकानदारांनी खाण्याचा सोडा पुढे केला. नवरा एका साखर कारखान्यात, मद्यार्क काढतात त्या विभागात कामाला होता. तो हसला. "यीस्टसाठी रडतीस व्हय? आमच्याकडं टाक्याच्या टाक्या फसफसत्यात." मीही हसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने जेवणाचा रिकामा डबा तिथून भरून आणला.

सकाळी तो कामावर गेल्यावर झाकण उघडलं आणि मी मागे सरले. तपकिरी, बुळबुळीत पाणी, वर मळकट फेस, तळाला गाळ. मळीचा तो गोडसर, आंबूस, नाकात ठाण मांडून बसणारा वास. शहाण्या बाईने तिथल्या तिथे ते उकिरड्यावर ओतलं असतं. पण म्हणतात ना, हौसेला मोल नाही. आत्याबाई रानात खुरपायला गेल्या होत्या. त्या यायच्या आत उरकू म्हणून मी त्यातलं निम्मंअधिक मैद्यात ओतलं आणि तोंड फिरवून मळायला बसले.

त्यात वीज गेली. दोन तास ओव्हन थंड, आणि पीठ मात्र थांबायला तयार नाही. पातेल्यावरचं ताट उचलून ते बाहेर आलं, कडेने ओघळलं, फरशीवर पडलं. बोट लावलं की फसकन बसायचं आणि आणखी वास सोडायचं. मी ते शी शी करत खरवडून गोळा केलं, भाजीत लसूण दुप्पट घातला आणि पाव भरले. वीज येताच भाजायला लावले. ओव्हन तापला तसा तो वास घरभर झाला. लसणाने काहीही झाकलं नाही.

तात्या न बोलावता आत आले. मी ताटलीत एक पाव दिला. त्यांनी तो फोडून नाकाशी धरला, बराच वेळ. मग बोटाने आतली भाजी कोरून ताटलीच्या कडेला काढली आणि नुसतं वरचं कवच खाल्लं.

"आनि दे."

दुसरा, तिसरा, चौथा. ताटलीत बटाट्याचा लगदा वाढत गेला, त्यात त्यांच्या बोटांचे ठसे. मला राग आला तो माझ्या भाजीचा अपमान झाला म्हणून. एवढी मी अडाणी! ते भराभर तोंडात कोंबत होते, मिशीत चुरा अडकला होता. मला बघवत नव्हतं, आणि तरी मी वाढत होते.

आत्याबाई रानातून आल्या त्या उंबऱ्यातच थबकल्या. हातात खुरपं तसंच. त्यांनी हवा हुंगली, मग ताटलीकडे पाहिलं. "ह्यात काय घातलंयस?"

मी सांगितलं. त्यांनी मला शिवी दिली नाही. उरलेले पाव पदरात घेतले, उकिरड्यावर नेले आणि खुरप्याने शेणात पुरले. परत येऊन म्हणाल्या, "ह्या वासाशेजारी मी अठरा वर्सं निजलीया. न् तू त्यो ताटात वाढलास."

नवरा आल्यावर त्याला हे कळलं, तर म्हणतो कसा, "भाजल्यावर त्यात काय ऱ्हातंय? उगं बाऊ करता तुमी." आणि वर हसला. त्याच्या त्या हसण्याची मला आली तेवढी किळस आजवर कशाची आली नाही. यीस्टच्या थट्टेवरचं माझं हसणंही काही वेगळं नव्हतं.

सकाळी मी मोरीत भांडी घासत होते. तो डबा अजून तसाच बाजूला होता. मागे कोणी तरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळले, तर तात्या. एरवी त्यांचा आवाज वाड्यावस्तीवर ऐकू जायचा. आता अगदी बारीक.

"म्हातारी गोठ्यात हाय. त्या डब्यात तळाला काय ऱ्हायलंय का गं?"

सहा वर्षं स्वतःला सावरून धरलेल्या माणसाला मी सुनेपुढे हात पसरायला लावलं होतं. डब्यात होतं अजून थोडं. मी तो त्यांच्यादेखत मोरीत उपडा केला आणि वरून तांब्यातांब्याने पाणी ओतलं. ते जागचे हलले नाहीत. सगळा फेस भोकातून जाईपर्यंत बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हातारीला सांगू नगंस."