तात्यांच्या म्हशींची दुपार

दूध आलं नाही म्हणून मी फणकाऱ्याने फोन केला. पलीकडून तात्यांच्या सुनेचा, सुमनचा आवाज आला, "ताई, तात्या गेले पहाटं…" या गोष्टीला आता दीड महिना झाला, तरी तो फणकारा माझ्या घशात अडकून आहे.

हिंजवडीत आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा आमच्या इमारतीला लागून तात्यांचा गोठा होता. खरं तर त्यांच्या गोठ्याला लागून आमची इमारत. दुपारी ते सातही म्हशींना ओढ्यावर डुंबायला न्यायचे. म्हशी निवांत चालायच्या आणि मागे दुपारपाळीच्या कंपनी बसमध्ये आम्ही घड्याळ बघत चरफडायचो. शेवटी सोसायटीने तक्रार करायचं ठरवलं. सही सेक्रेटरींची, पण "तुमचं मराठी चांगलं" म्हणून अर्ज मी लिहिला, चारदा खोडून, अगदी झोकात. पाठच झाला होता.

महिन्याभराने तात्या दारात उभे. हातात ग्रामपंचायतीची नोटीस, मागे आमचा अर्ज जोडलेला. "ताई, मला काय वाचता येत न्हाई. जरा वाचा की." मी सगळं वाचलं. ते एवढंच म्हणाले, "म्हशींनी काय गुन्हा केला वो?" तेव्हाच सांगायला हवं होतं… मी चहा घेता का म्हणून विचारलं.

म्हशी रस्त्यावर आणायला बंदी आली, त्यांचा ओढा बंद झाला. तात्यांनी मग गोठ्याचं छप्पर उंच केलं, दावी लांब केली, खाली रबरी चटया टाकल्या. रोज भर दुपारी या वयात पाइप घेऊन एकेका म्हशीवर पाणी सोडत उभे राहायचे. मी शहाणपणा केला, "तात्या, यानं दूध वाढतं म्हणे."

"दुधासाठी न्हाई, ताई. वढा तुटला त्यांचा. मी धनी, मग त्यांनी कुणाकडं बघायचं?"

गुन्हा माझा होता आणि भरपाई ते करत होते. मला लाज वाटायची, पण तोंड उघडायचं धैर्य कधीच झालं नाही.

परवा गोठ्यात जाऊन सुमनला सगळं सांगितलं. तिने पाणी मारणं थांबवलं नाही.

"तात्यांना ठावं व्हतं. त्याच दिवशी म्हणाले, ताई अर्ज कागदाकडं न बघताच वाचत व्हत्या."

"मग मला कधी बोलले कसे नाहीत?"

"म्हणाले, त्या आपणहून सांगतील."

त्यानंतर बारा वर्षं ते रोज दूध घेऊन माझ्या दारात येत होते.

पाइप तोच आहे, तात्यांनी दोन ठिकाणी सायकलची ट्यूब गुंडाळलेला. घरून काम असलं की दुपारी पाण्याचा आवाज माझ्या घरात येतो. पूर्वी त्या वेळी मी खिडकी लावून घ्यायचे.