आमचा रुमाल

“चलो रुमाल, जगह खाली करो.”

चर्चची क्वायर बसवणारे सर एवढंच म्हणाले आणि सगळे गाणारे हसले.

मी पुढे उभी होते, ऑर्गनच्या डाव्या हाताला. सोलो, म्हणजे एकटीनं गायचा भाग, गाणारी तिथं उभी राहते. पाच महिने दर रविवारी मी तिथंच उभी राहून गात होते. आता मुंबईहून बाई आल्या होत्या, खऱ्या सोलोइस्ट. त्यांनी पर्स माझ्या खुर्चीवर ठेवली. मी मागच्या रांगेत गेले.

रुमाल हे माझं नाव कुणी पाडलं कुणास ठाऊक. विठ्ठलवाडी डेपोत एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसली मी. अंबरनाथच्या त्या चर्चमध्ये दर नाताळाला अडीचशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं धार्मिक संगीत बसवायचे, शब्द लॅटिन. कोरस आम्ही इथलेच, अंबरनाथ-उल्हासनगरचे. सोलोवाले मुंबईचे, ते फक्त शेवटच्या तालमीला उगवायचे. तोवर त्यांचा भाग कुणीतरी गायला हवा, नाहीतर कोरसला कळणार कसं कुठून उचलायचं? ते कुणीतरी म्हणजे मी.

आम्ही बौद्ध. आबा, माझे वडील, एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते, त्यांची नखं कायम पिवळी. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी माझा आवाज ऐकला, नोटेशन शिकवलं आणि या क्वायरमध्ये आणलं. दम मात्र नाल्यानं दिला. वस्तीतून शाळेत जाताना केमिकलचा नाला लागायचा. पूल संपेपर्यंत मी श्वास कोंडून चालायचे, रोज, दहा वर्षं. त्या सोलोत एक लांब ओळ होती. एकाच अक्षरावर आवाज वर-खाली पळत राहतो, मधे श्वास घ्यायला फट नाही. तालमीत बाई तिथं दोनदा तुटल्या. मी पाच महिन्यांत एकदाही तुटले नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कळलं, बाईंचा घसा बसलाय. मी धावत घरी गेले. आबांना म्हटलं, “आज बहुतेक मीच गाणार. तुम्ही या.” किती मूर्ख असावं माणसानं! आबांनी पाळी बदलून घेतली, शर्टाला इस्त्री करून आणली.

दुपारी चर्चमध्ये बाई सरांना म्हणाल्या, “बाकीचं निभावते. ती लांब ओळ नाही जमायची.”

“मग तो सोलोच गाळू,” सर म्हणाले.

मी पुढे गेले. “सर, मी गाते. मला पाठ आहे.”

ते पेन्सिलनं पानांवर काट मारत होते. वर न बघता म्हणाले, “तू तालमीला ठीक आहेस. समोर कोण कोण बसणारंय, माहितीय? आणि हे पवित्र संगीत आहे. तुमच्या लोकांचं नाही.”

“बाई पण ख्रिश्चन नाहीत, सर.”

“बाईंची गोष्ट वेगळी.”

बाई गरम पाणी पीत होत्या. सिस्टरनी माझा खांदा दाबला. तो हात झटकून टाकावासा वाटला मला. गोष्ट वेगळी कशी ते मला कुणी समजवायची गरज नव्हती. लहानपणापासून तेच समजत आले होते.

संध्याकाळी आबा शेवटच्या बाकावर बसले होते. सोलोची वेळ आली. सरांनी हात खाली केला आणि सगळ्या क्वायरनं एकदम सात पानं उलटली. केवढा आवाज झाला त्या कागदांचा. माझं पान तसंच उघडं राहिलं. पुढचा कोरस सुरू झाला, माझं तोंड उघडेना. मी फाइल मिटली, खुर्चीवर ठेवली आणि सगळ्यांसमोरून, मधल्या वाटेनं, बाहेर चालत आले. कोरस तसाच चालू राहिला. माझ्यावाचून कुणाचंही काही अडलं नाही.

आबा मागोमाग आले. “झालं का गं तुझं गाऊन? मला कळलं नाही कुठलं तुझं.”

“नाही झालं.”

ते माझ्याबरोबर घराकडे चालू लागले. चार वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेले. माझं गाणं त्यांनी ऐकलंच नाही.

त्या कार्यक्रमाच्या पुढच्या वर्षी सिस्टर वस्तीत आल्या होत्या. सरांनी बोलावलंय म्हणाल्या, तालमीसाठी.

मी म्हटलं, “जागा धरायला दुसरं कुणीतरी बघा.”

“मग तुला गायला कुठं मिळणार?”

“नाही मिळणार.”

आणि नाहीच मिळालं. मी पॅकिंगला लागले, एमआयडीसीतच. केमिकलच्या वासात दिवस काढून आवाज फाटला. आता ती ओळ निम्म्यावर तुटते. याचं मला वाईट वाटत नाही असं मी कुणालाही सांगत नाही. वाटतं. जळतं. पण माझी जागा मिळाली नाही, तरी दुसऱ्याची धरून उभी राहणार नाही. मेले तरी नाही. आणि माझ्या पोरीलाही कुणाचा रुमाल होऊ देणार नाही.